जाड अक्षराची बारीक रेघ

नागपूरजवळच्या ‘बुटीबोरी’ गावाचं नाव जाड टंकात लावून बघा. यात दोन ‘ब’ आहेत. ‘व’च्या पोटात तिरपी रेघ ओढली की ‘ब’ होतो. ती रेघ छपाईत उडाली किंवा शाईनं पोट बुजलं, तर गावाचं नावच बदलतं. दांडे भरगच्च आणि जोडरेषा केसाएवढ्या, अशा टंकांचा सगळा रुबाब आणि सगळा धोका या रेघेत आहे.

ही घडण मूळची युरोपातली. पार्मा शहरात जांबातिस्ता बोदोनी (1740–1813) आणि पॅरिसमध्ये दिदो घराण्यानं रोमन अक्षरांतला जाड-बारीक फरक टोकाला नेला. रेघांच्या टोकांच्या टाचा, म्हणजे सेरिफ, अगदी पातळ केल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रॉबर्ट थॉर्नसारख्या खिळेकारांनी त्याच अक्षराचे दांडे फुगवले. हा ‘फॅट फेस’ लॉटरीच्या जाहिरातींवर झळकला. त्याची जागा पहिल्यापासून भिंतीवर होती, पुस्तकाच्या पानात नव्हे.

देवनागरीला सेरिफ नाही. शब्द बांधते ती शिरोरेघ. आपली जाडी ठरते बोरूच्या तिरप्या कापानं, आणि तिचा कल रोमन लेखणीच्या उलटा असतो. म्हणून बोदोनीचा नियम जसाच्या तसा लावला की देवनागरी लंगडते. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी (1869) राणूजी रावजी आरू यांनी खिळे कोरले, त्यांत बोरूची ही चाल उतरली. पुढे कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक नाव त्याच्या स्वभावानुसार हातानं रेखाटलं. संगणकावर इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ (2014) हा जाड-बारीक फरकाच्या टंकांचा ठळक नमुना. देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात आहेत, आणि तो मोफत मिळतो.

असा टंक वापरायचा कुठे? दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, लग्नपत्रिकेवरची नावं, नाटकाची जाहिरात, मिठाईचा डबा: जिथे शब्द थोडे, आकार मोठा आणि वाचणारा जवळ. अक्षरं किंचित जवळ घ्यावीत, ओळींत मात्र अंतर सोडावं. ‘टी’, ‘री’च्या वेलांट्या वर आणि ‘बु’चा उकार खाली जागा मागतात. मजकुराला हा टंक नको. दहा-बारा पॉइंटात बारीक रेघा विरतात आणि पान डागाळल्यासारखं दिसतं.

बुटीबोरीतच याची दुसरी बाजू कळते. महामार्गावर ताशी 100 किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर कापते. चालकाला तेवढ्यात फलक वाचायचा असतो. तिथे सारख्या जाडीची, मोकळ्या पोटाची अक्षरंच हवीत. स्थानकाच्या पाटीला आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या धोक्याच्या सूचनांनाही तेच लागू. काळ्या फ्लेक्सवर पांढरं अक्षर छापलं तर शाई चारही बाजूंनी आत सरकते आणि बळी जातो तो पुन्हा बारीक रेघेचाच.

तेव्हा जाड टंक निवडताना जाडीवर भाळू नये. ‘ब’, ‘ष’, ‘श्र’ ही अक्षरं प्रत्यक्ष कागदावर, प्रत्यक्ष आकारात छापून घ्यावीत आणि पलीकडच्या टेबलावरून वाचावीत. ‘ब’ हा ‘ब’च दिसला, तरच प्रूफवर सही करावी.