विश्लेषण : ‘एनबीए’आधी कॉलेजचे एक वर्ष कशासाठी?

नवी मुंबई : अमेरिकेच्या ‘एनबीए’मध्ये नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. २५ जून २०२५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने पहिल्याच क्रमांकावर निवडलेला कूपर फ्लॅग अवघा १८ वर्षांचा होता. कॉलेजकडून तो एकच हंगाम खेळला होता.

कोण आहे फ्लॅग?
मेन राज्यातील न्यूपोर्ट या छोट्या गावचा हा मुलगा २०२४ मध्ये ड्यूक विद्यापीठात आला. जानेवारी २०२५ मध्ये त्याने एकाच सामन्यात ४२ गुण मिळवले. ड्यूकने अंतिम चार संघांत धडक मारली. तिथे ह्यूस्टनने त्यांना ७०-६७ असे हरवले.

नियम काय?
ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूला १९ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. अमेरिकी खेळाडूची शाळा संपूनही किमान एक वर्ष झालेले असावे लागते. फ्लॅगने शाळा एक वर्ष आधी संपवली. अन्यथा त्याला २०२६ पर्यंत थांबावे लागले असते.

भारतीयांसाठी धडा काय?
डॅलसनेच २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला ५२व्या क्रमांकावर निवडले होते. ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो पहिला भारतीय. मात्र तो कॉलेज न खेळता थेट गेला आणि ‘एनबीए’च्या मुख्य स्पर्धेत त्याला एकही सामना मिळाला नाही.

नवी मुंबईतून ही वाट धरू पाहणाऱ्यांनी गुणपत्रिकाही सांभाळावी. वरच्या श्रेणीच्या कॉलेज संघांसाठी नववी ते बारावीचे इंग्रजी, गणित, विज्ञानाचे गुण तपासले जातात. शिवाय २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा असली, तरी विद्यार्थी व्हिसावर कमाईचे निर्बंध कडक आहेत.