तापलेलें डीझेल इंजिन हटून कां बसतें?

रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनास विजेची ठिणगी लागत नाहीं. त्यांत हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्याच उष्णतेनें आंत फवारलेलें तेल पेट घेतें. तेव्हां थंडीच्या सकाळीं असें इंजिन कुरकुरलें, तर नवल नाहीं. परंतु कांहीं जुन्या डीझेल मोटारी सकाळीं तत्काळ सुरू होतात, आणि लांबच्या प्रवासांत घटकाभर थांबल्या कीं हटून बसतात. असें कां व्हावें?

याचें कारण पुष्कळदां तेलाच्या पंपांत असतें. रोटरी जातीच्या पंपांतील फिरता रोटर व त्याचें वेष्टन यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांनीं मोजावी इतकी सूक्ष्म असते. वर्षानुवर्षांच्या झिजेनें ती वाढते. थंड तेल दाट असल्यामुळें तींतून फारसें निसटत नाहीं. तापून पातळ झालेलें तेल मात्र निसटतें. स्टार्टर इंजिन सावकाश फिरवितो. त्या वेळीं नोझल उघडण्याइतका दाब निर्माणच होत नाहीं. इंजिन वेगानें चालूं लागलें म्हणजे गळतीस अवसर उरत नाहीं. म्हणून धांवतांना दोष दिसत नाहीं.

परीक्षा सोपी आहे. बॅटरी व स्टार्टर जोमदार आहेत आणि नळींत हवा शिरत नाहीं, याची प्रथम खात्री करावी. नंतर थंड पाण्यानें भिजविलेलें फडकें कांहीं मिनिटें पंपावर ठेवून काढून घ्यावें. इंजिन लागलीच सुरू झालें, तर दोष पंपाचा समजावा व त्याचा झिजलेला भाग कुशल कारागिराकडून बदलून घ्यावा. एवढें न पाहतां सबंध इंजिन खोलविणें म्हणजे पोटदुखीवर डोक्यास लेप लावण्यासारखें होय.