दोह्यातला गुरुवार

पहाटे 4.30

जानेवारीत दोह्याला बऱ्यापैकी गारठा असतो. फजरची बांग व्हायच्या आत मी उठते आणि आधी मटकीचं फडकं सोडते. थंडीत मोड सावकाश येतात, म्हणून मंगळवारी रात्री भिजवलेली मटकी कुठे गुरुवारी पहाटे हाताशी येते. उन्हाळ्यात सगळं उलटं. स्वयंपाकघरात एसी नाही, बाहेर पंचेचाळीस अंश. सकाळी बांधलेली मटकी संध्याकाळी आंबूस वास मारायला लागते. तेव्हा पुरचुंडी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मोड काढायचे. किलोभर मटकी मोडावली की दुपटीहून जास्त होते आणि तीत क जीवनसत्त्वही तयार होतं. वर लिंबू पिळलं की कडधान्यातलं लोह अंगी लागतं. एवढ्या कमी पैशांत मुलांच्या पोटात इतकं चांगलं घालणारं दुसरं काही मला इथे सापडलेलं नाही.

आज निम्मी मटकी उसळीला, निम्मी उद्याच्या मिसळीला.

5.15

दोन शाळेचे डबे, एक यांचा, एक माझा. भाजणीचं थालीपीठ, उसळ, काकडीच्या फोडी. भाजणीचं धान्य मी घरीच भाजते. मसाले आणि पीठ दळून देणारी दुकानं इथेही आहेत. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे: सगळं दोह्यात मिळतं. कुळीथ तर माझ्या माहेरच्या निफाडपेक्षा सहज मिळतात, कारण दर गल्लीत केरळी माणसाचं किराणा दुकान आहे आणि त्यांच्याकडेही मुदिरा, म्हणजे कुळीथच, लागते. आमच्याकडचे हुलग्याचे शेंगोळे मी या मल्याळी दुकानदारांच्या जिवावर करते.

धाकटा डब्यात डोकावतो. "आई, परत मटकी?"

"परत कुठे? सोमवारी चवळी होती."

सहाला बस येते.

7.00

अल दोहा अल जदीदा स्थानकावरून मेट्रो पकडते. 2019 साली ती सुरू झाली आणि एका फेरीला दोन रियाल पडतात. एका छोट्या कार्यालयात दुपारी एकपर्यंत हिशेबाचं काम करते, त्यामुळे आकड्यांची सवय आहे आणि घरचे आकडेही लपत नाहीत.

आखातात राहणाऱ्यांविषयी गावाकडे वेगळीच समजूत असते. खासगी नोकरीत कुटुंब आणायचं तर साधारण दहा हजार रियाल पगार दाखवावा लागतो, किंवा कंपनीचं घर आणि त्याहून कमी. तेवढ्यातून भाडं आणि शाळेची फी गेली, गावी पैसे गेले की उरतं ते मोजकंच. भाडं घरमालक ठरवतो, फी शाळा ठरवते. आपल्या हातात राहतं स्वयंपाकघर. आमचं महिन्याचं अन्न तेराशे रियालमध्ये बसतं आणि त्यात मुलांना दूध, अंडी, फळं, आठवड्यातून एकदा मासळी मिळते. हे काटकसरीतून आलेलं असलं तरी पोटाला चिमटा काढून आलेलं नाही. तो फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

10.30

कार्यालयात कडक चहा येतो, आटवलेल्या दुधाचा, वेलची घातलेला, भरपूर साखरेचा. मी बिनसाखरेचा मागते. कतारमध्ये मधुमेहाचं प्रमाण जगाच्या सरासरीहून बरंच जास्त आहे, आणि आपल्या लोकांत तो आधीच घराघरात आहे. सरकारने 2019 च्या जानेवारीपासून फसफसणाऱ्या शीतपेयांवर 50 टक्के आणि एनर्जी ड्रिंकवर 100 टक्के कर लावला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. आमच्या घरात बाटली येणं तेव्हापासून थांबलं ते थांबलंच.

दुपारी 1.45

सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, व्हिजिट व्हिसावर आल्या आहेत. भात, आमटी, कोशिंबीर. त्यांना साखर आहे, म्हणून भात एकच मूद आणि आमटीत डाळ जास्त, भोपळा थोडा.

जेवताना कांद्याचा विषय निघतोच, कारण माझा भाऊ निफाडचा कांदा उत्पादक. 8 डिसेंबर 2023 ला भारताने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती मे 2024 पर्यंत बंद राहिली. इथल्या मांडणीवरून नाशिकचा कांदा गेला. त्याच्या जागी पाकिस्तानचा, तुर्कस्तानचा आला, तोही महाग. तिकडे लासलगावला भाव कोसळले. मी इथे चढ्या दराने परका कांदा घेत होते आणि माझा भाऊ तिथे मातीमोल भावाने घरचा कांदा देत होता. आजही ते आठवलं की घास अडतो.

"तुझ्या भावाचा कांदा तुलाच मिळेना, म्हणजे काय म्हणायचं!" आई म्हणतात.

त्याआधीचा धडा 2017 चा. 5 जूनला सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले, अबू समराची वेस बंद झाली. या देशाची एकुलती एक जमिनीवरची सरहद्द ती, आणि अन्नाचा मोठा हिस्सा तिच्यावरून यायचा. रमजान चालू होता. दुधाचे कप्पे एका रात्रीत रिकामे झाले. मग विमानाने तुर्की दूध आलं, जुलैत बलदना डेअरीच्या गाई विमानातून उतरल्या, आणि एरवी दुबईमार्गे येणारा भारतीय माल न्हावाशेवा आणि मुंद्र्याहून थेट हमद बंदरात यायला लागला. उरणजवळच्या बंदराचं नाव दोह्याच्या बायकांच्या तोंडी आलं ते तेव्हा. जानेवारी 2021 मध्ये वेस उघडली. पण घरात पंधरा दिवसांची डाळ-कडधान्यं ठेवायची सवय मी सोडलेली नाही.

4.00

दिवसातला सगळ्यात मोलाचा तास हाच. स्वस्त अन्न बाजारात मिळतं असं लोक समजतात. मला वाटतं, महिन्याचा हिशेब जमतो की बिघडतो ते या तासात ठरतं. संध्याकाळी सातला सगळे दमलेले असतात, मुलं भुकेली असतात, आणि फोनवर दोन बोटं फिरवली की तलबात नाहीतर स्नूनूचा माणूस दारात हजर. चौघांचं तसलं एक जेवण शंभर रियालच्या आसपास जातं. आमचं घरचं रात्रीचं जेवण पंधरात होतं. गुरुवार म्हणजे आपल्याकडचा शनिवार, उद्या सुट्टी, त्यामुळे मोह सगळ्यात मोठा. त्याला उत्तर एकच: सातला स्वयंपाक निम्मा झालेला असावा.

म्हणून या तासात मी कांदा-खोबरं भाजून वाटण करते आणि चार डब्यांत भरून तीन गोठवते. डाळ शिजवून ठेवते. लसूण सोलते. थोरली अभ्यास करता करता शेंगदाणे पाखडते. शेवटी कुळथाचं पीठ मळून झाकून ठेवते. शेंगोळे उद्या सकाळी वळायचे आहेत.

5.45

हे आले की चहा, आणि लगेच मजल्यावरच्या आणखी दोन कुटुंबांना विचारून यादी करायची. अल सैलियाचा मध्यवर्ती बाजार आमच्यापासून लांब, गाडी एकाचीच न्यायची. टोमॅटोची पेटी, कांद्याचं पोतं, बटाटे. खोक्याने घेतलं की स्वस्त आणि तीन घरांत वाटलं की वाया जात नाही. निघण्याआधी हे फोनवर आजचे दर पाहतात. वाणिज्य मंत्रालय भाजी, फळं आणि मासळीचे कमाल दर जाहीर करतं, त्यामुळे घासाघीस करताना पायाखाली जमीन असते.

नवीन आलेल्या बाईला मी एकच गोष्ट आवर्जून सांगते: भाजी घेताना ती कुठल्या देशाची, ते आधी वाच. गवार, पडवळ, तोंडली विमानाने येतात आणि विमानाचं भाडं आपण भरतो. नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत कतारची स्वतःची भाजी निघते. अल मजरूआसारख्या ठिकाणी शेतकऱ्यांचे हंगामी बाजार भरतात. तेव्हा काकडी, वांगी, फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, कूसा ताजे आणि स्वस्त. कूसा हा दुधीचा धाकटा भाऊ. मुगाची डाळ घालून केला की मुलं ओळखतही नाहीत.

आज पालेभाजीच्या गाळ्यावर आई थबकल्या. मेथी, शेपू, कोथिंबीर यांच्या पलीकडे एक जुडी होती, जाड लालसर देठ, गुबगुबीत छोटी पानं. त्यांनी एक पान तोडलं, दोन बोटांत चिरडलं, वास घेतला, जिभेवर ठेवलं.

"अगं, ही घोळ आहे!"

घोळच होती. अरब आणि इराणी लोक ती कच्चीच खातात. आपल्याकडे ती बांधावरून उपटून फेकली जाते, खरं तर ओमेगा-3 इतकं असणारी पालेभाजी विरळाच. विकणारा बांगलादेशी मुलगा आमचा आनंद पाहून हसायला लागला. "भाभी, दो ले जाओ." आईंनी तीन घेतल्या.

मासळी उद्या. सुरमईला, इथल्या कनआदला, 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर जाळ्याने धरायची बंदी असते, ती सरली की हिवाळ्यात भाव जरा खाली येतो. नाहीतर शेरी आणि तारली आहेतच, आणि तारली कुठल्याच बाबतीत सुरमईपेक्षा कमी नाही.

7.30

घोळ चिरून लसणाची फोडणी, हरभऱ्याची भिजवलेली डाळ, वर शेंगदाण्याचं कूट. आणि बाजरीची भाकरी. पाकिटातलं पीठ महिनोन्‌महिने प्रवास करून आलेलं असतं, त्याची विरी गेलेली असते, थापताना भाकरी चिरते. म्हणून निम्म्या पिठाची उकड काढायची, गरम असतानाच उरलेलं पीठ घालून तळहाताच्या टाचेने रगडायचं. शेगडी कॉइलची, जाळ नाही. एक बाजू तव्यावर, पाणी फिरवून दुसरी बाजू, मग तवा उतरवून लालभडक कॉइलवर लोखंडी जाळी ठेवायची आणि भाकरी तिच्यावर. दोन क्षण काही होत नाही. मग कडेने फुगा धरतो आणि टम्म होते.

आईंनी पहिली भाकरी मोडून धाकट्याच्या ताटात टाकली. त्याने घोळ दोनदा मागून घेतली.

9.30

पंधरा रियालचा आकडा वहीत लिहिते आणि फोन वाजतो. मामेबहिणीची मुलगी, लग्न होऊन पुढच्या आठवड्यात इथे येणार आहे. "मावशी, सामानात काय काय आणू? आई तर तांदूळसुद्धा बांधतेय."

"तांदूळ, डाळी, साखर काही नको, सगळं मिळतं. कुकरचं रबर आण, शिट्टी आण, भाकरीचा लोखंडी तवा आण. हुलगे आणू नकोस. शेवया, सांडगे, कुरडया आण, ओझं होत नाही."

"आणि काळा मसाला? आजीने केलाय दोन किलो."

"आजीला आधी विचार, त्यात खसखस घातली आहे का. आखातात खसखस अमली पदार्थांत धरतात, चिमूटभरही आणायची नाही. घातली असेल तर तो मसाला घरीच राहू दे आणि तिला म्हणावं, दोह्यासाठी वेगळा कर, बिनखसखशीचा. डब्यावर नाव लिहून ठेवा, म्हणजे घाईत अदलाबदल व्हायला नको."