स्वादुपिंडाचा दाह आणि न सांपडणारें कारण

कोंकणांत पोट दुखूं लागलें म्हणजे पहिला उपचार घरांतच होतो. पोटावर हिंग लावावा, ओवा चावावयास द्यावा, आमसुलाचें सार पाजावें आणि स्वस्थ पडून राहावें. बहुतेक वेळां इतकें पुरतेंहि. परंतु बेंबीच्या वरच्या बाजूस उठून थेट पाठींत जाणारी, पुढें वांकून बसल्याखेरीज जीवास चैन पडूं न देणारी कळ, आणि जोडीला एकामागून एक उलट्या, हें लक्षण निराळें होय. अशी कळ स्वादुपिंडाच्या दाहाची असूं शकते, आणि तेथें ओवाहिंगांत वेळ दवडणें घातक ठरतें.

स्वादुपिंड हा अवयव जठराच्या पाठीमागें, कण्याच्या पुढें, आडवा पडलेला असतो. लांबी सुमारें 15 सेंटिमीटर. रक्तांतील साखरेवर ताबा ठेवणारें इन्शुलिन तोच निर्माण करतो, आणि अन्न पचविणारा तीव्र रसहि तोच स्रवतो. हा रस आतड्यांत पोंचेपर्यंत जणूं निद्रिस्त असतो. तो वाटेंतच जागा झाला तर ज्या ग्रंथींतून तो निघाला तिलाच पचवूं लागतो. स्वादुपिंडाचा दाह म्हणतात तो हाच. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पित्ताची नळी व स्वादुपिंडाची नळी लहान आतड्यांत बहुधा एकाच मुखानें उघडतात. त्यामुळें पित्ताशयांतून निसटलेला मोहरीएवढा खडाहि त्या मुखाशीं अडकला कीं दोन्ही घरांचें पाणी तुंबतें.

सावर्ड्याच्या एखाद्या गृहस्थास असा झटका आला तर त्याचे आप्त त्याला जवळच डेरवण येथें असलेल्या वालावलकर रुग्णालयांत नेतील. सावर्ड्यासारख्या गांवाच्या कुशींत आज वैद्यकीय महाविद्यालय आहे, हें कोंकणचें भाग्यच म्हटलें पाहिजे. अशा मोठ्या रुग्णालयांत रक्तांतील लायपेज वा अमायलेज हीं द्रव्यें मोजतात. तीं नेहमीच्या तिपटीहून वाढलेलीं असलीं व कळहि तशीच असली तर निदान ठरतें. शिरेवाटे सलाईन, वेदनाशामक औषधें, आणि सोसेल तसें हलकें अन्न, एवढ्यावर बहुतेक रोगी आठवड्याभरांत उठून बसतात. पांचांत सुमारें एकाचें दुखणें मात्र गंभीर वळण घेतें.

खरा प्रश्न पुढेंच आहे. हें झालें कशामुळें? कारण राहिलें तर झटकाहि पुन्हां येणार. दहांपैकीं सात-आठ रोग्यांत उत्तर पित्तखड्यांत वा मद्यांत सांपडतें. म्हणून डॉक्टर मद्यपानाविषयीं स्पष्ट विचारतात, आणि तें त्यांचें कर्तव्यच आहे. दुःख होतें तें याचें कीं, उभ्या जन्मांत मद्यास न शिवलेल्या माणसाविषयींहि शेजारीं कुजबुज सुरू होते, आणि घरच्या मंडळींस खालीं मान घालावी लागते. वास्तविक कारणें आणखीहि पुष्कळ आहेत. रक्तांतील ट्रायग्लिसराइड नांवाची चरबी 1000 मिलिग्रॅमच्या वर जाणें, कॅल्शियम वाढणें, कांहीं औषधें, पोटावर बसलेला मार. विंचवाचाहि यांत हात आहे. पण तो वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटांतल्या विंचवाचा. आपल्या कोंकणांतील तांबडा विंचू मुख्यतः हृदयावर घाला घालतो, व त्यावर प्राझोसिन हें औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रूढ केलें, तो विषय निराळा.

इतकें सारें पाहूनहि शंभरांत दहा ते तीस रोग्यांच्या कागदावर ‘कारण अज्ञात’ असा शेरा पडतो. हा शेरा वाचून निराश होण्याचें कारण नाहीं. पुष्कळदां कारण असतें, पण तें नजरेच्या टापूबाहेर दडलेलें असतें. पोटावरून केलेल्या सोनोग्राफींत ध्वनीच्या लहरी कातडी, चरबी व आतडीं ओलांडून जातात, आणि आतड्यांतील वायु त्यांची वाट अडवितो. पित्तनळीचें खालचें टोंक तर नेमकें या वायूच्या आड येतें. तीन मिलिमीटरहून लहान खडे तेथें दिसले नाहींत तर तो यंत्राचा वा तपासणाऱ्याचा दोष नव्हे.

मग आंतूनच कां पाहूं नये? 1980 सालीं अमेरिकेंत व जर्मनींत जवळजवळ एकाच वेळीं ही कल्पना प्रत्यक्षांत आली. जठर पाहण्याच्या लवचिक दुर्बिणीच्या टोकास सोनोग्राफीचें चिमुकलें यंत्र बसविण्यांत आलें. यास एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, अथवा थोडक्यांत ईयूएस, म्हणतात. दुर्बीण तोंडावाटे जठरांत व पुढें लहान आतड्याच्या आरंभीं जाते; तेथून स्वादुपिंड केवळ एका भिंतीपलीकडे असतें. अंतर तुटल्यामुळें अधिक सूक्ष्म ध्वनि वापरतां येतो. पोटावरील यंत्राचीं कंपनें सेकंदास साधारण 35 लक्ष, तर आंतल्या यंत्राचीं 75 लक्ष ते 1 कोटी 20 लक्षांपर्यंत असतात. कंपनें जितकीं जलद तितका तपशील बारीक. रस्त्यावरून खिडकींत डोकावणें आणि शेजारच्या खोलींतून दाराच्या फटींतून पाहणें, इतका हा फरक आहे.

या फटींतून काय दिसतें? सर्वांत अधिक वेळां दिसतात ते पित्ताशयांतील वाळूसारखे कण व गाळ. हे सांपडले तर उपायहि सरळ असतो: पित्ताशय काढून टाकलें कीं झटके बहुधा थांबतात. कांहीं जणांत स्वादुपिंड आंतून कडक होऊं लागल्याच्या, जुनाट दाहाच्या प्रारंभीच्या खुणा दिसतात. भारतांत मद्याशीं संबंध नसलेल्या तरुणांतहि हा जुनाट दाह आढळतो. केरळांतील रोग्यांवरून तो प्रसिद्ध झाला; स्वादुपिंडांत खडे व सोबत मधुमेह अशा रोग्यांचा अभ्यास पुण्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनींहि केला आहे. क्वचित् जंतहि नळींत शिरलेला सांपडतो. काश्मीरांतील डॉक्टरांनीं असे पुष्कळ रोगी नोंदविले आहेत. आणि चाळिशीनंतर पहिलाच झटका आला असेल तर एका गोष्टीसाठीं ही तपासणी फारच महत्त्वाची: नळी दाबणारी, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची लहानशी गांठ. सीटी स्कॅनमध्यें ती निसटूं शकते. येथें दिसते, आणि त्याच दुर्बिणींतून सुई घालून तिचा नमुनाहि घेतां येतो.

निरनिराळ्या रुग्णालयांचे अहवाल पाहतां, अज्ञात म्हटलेल्या रोग्यांपैकीं निम्म्याच्या आसपास वा कांहींसें अधिक रोग्यांत ईयूएसनें कारण हातीं लागतें. सर्वांत नाहीं. स्वादुपिंडाच्या नळ्या जन्मतःच निराळ्या राहिल्या असतील तर त्या एमआरआयच्या एमआरसीपी या प्रकारांत चांगल्या उमगतात, म्हणून ही दोन साधनें एकमेकांस पूरक समजावींत. रोग आनुवंशिक असेल तर दुर्बीण काय करणार? तेथें रक्तांतील जनुकांची चांचणीच घ्यावी लागते, विशेषतः झटके लहानपणींच सुरू झाले असतील तर.

घाईहि करूं नये. दाह ताजा असतांना सुजेमुळें गांठ लपते, व नसलेलें जुनें दुखणें असल्याचा भास होतो. म्हणून ही तपासणी बहुधा चार-सहा आठवडे थांबून करतात. त्याआधीं सहा-आठ तास उपवास असतो व गुंगीचें इंजेक्शन देतात. केवळ पाहण्यापुरती तपासणी असेल तर धोका फार थोडा; सुई घातली तर तो किंचित् वाढतो. रक्त पातळ करणारें औषध चालू असेल तर तें आधींच सांगावें.

यंत्र महाग, आणि तें वाचणारा डोळा घडावयास वर्षें लागतात, त्यामुळें ही सोय प्रत्येक तालुक्याच्या गांवीं असणार नाहीं. सावर्ड्याच्या रोग्यास मुंबईस वा पुण्यास जावें लागलें तर त्यानें पहिल्या दिवशींचे रक्ताचे आंकडे, सोनोग्राफीचें चित्र, सीटी स्कॅनची चकती व चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. झटका आलेल्या दिवशीं यकृताचीं द्रव्यें वाढलेलीं होतीं कीं काय, हा एक आंकडाच पुष्कळदां पित्तखड्याकडे बोट दाखवितो. आणि तो लवकरच ओसरत असल्यामुळें नंतर कितीहि शोधिला तरी सांपडत नाहीं.