ट्रॅक्टर-बिक्टर आणि हॉब्सन-जॉब्सन

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर म्हणजे समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवतीची वस्ती. गळीत हंगामात इथे उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि रांगेत थांबलेल्यांना बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं. ‘ट्रॅक्टर-बिक्टर बाजूला घे’, ‘डिझेल-बिझेल बघितलं का’, ‘चहाबिहा घेऊ चला’. बोलणाऱ्यांपैकी कित्येक जण वर सांगतील, आपल्याला इंग्रजी येत नाही.

‘बि’चा कारभार

शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथे ‘बि’ बसवायचा, उरलेली शेपटी तशीच ठेवायची. ऊस-बिस, फोन-बिन, ट्रॉली-बिली. जोडाक्षर असलं तर तेही सबंध जातं. म्हणून ट्रॅक्टर आणि डॉक्टर या दोघांनाही एकच जोडीदार मिळतो: बिक्टर. कोणाचा गोंधळ होत नाही. ‘टायर-बियर बघ’ म्हटल्यावर कोणी बाटली आणत नाही.

व्याकरणाच्या पुस्तकात अशा शब्दांना अंशाभ्यस्त म्हणतात. पण खरी गंमत अर्थात आहे. ‘चहाबिहा घ्या’ म्हणजे चहा आणि सोबत जे असेल ते. ‘फडात साप-बिप असेल’ यात शंका आहे. ‘मी काय डॉक्टर-बिक्टर नाही’ म्हणताना अंग काढून घेतलेलं असतं. आणि ‘साहेब-बिहेब’ हे साहेबाच्या माघारीच बोलायचं.

शेजारच्यांची अक्षरं

हिंदीवाला ‘चाय-वाय’ म्हणतो. तेलुगू आणि कन्नडमध्ये आपल्या ‘बि’च्या जागी ‘गि’ येतो. कानडी माणसाचा वाघ म्हणजे ‘हुली-गिली’. भाषांची घराणी वेगळी, खोड एकच. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1956 साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचं मांडलं, त्यात या प्रतिध्वनी शब्दांचीही दखल होती.

मराठीत दुसरीही एक जोडणी आहे: एक शब्द बाहेरचा, एक घरचा, अर्थ जवळपास तोच. बाजारहाट, कागदपत्र, धनदौलत. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू. अशा जोड्या इथे कानाला परक्या वाटण्याचं कारणच नव्हतं.

इंग्रजांची यमकं

इंग्रजांनाही ही हौस आहे. सुपर-डुपर, ओकी-डोकी. ‘फॅन्सी-श्मॅन्सी’ तर आपल्या ‘बि’चं सख्खं भावंड, तो ‘श्म’ यिडिश बोलणाऱ्या ज्यूंकडून आला आणि नाक मुरडायला वापरतात.

लंडनच्या ईस्ट एंडची कॉकनी बोली याहून पुढे गेली. तिथे जिन्याला, म्हणजे ‘स्टेअर्स’ला, ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणत. मग यमकाचा ‘पेअर्स’ही गाळला आणि नुसते ‘ॲपल्स’ उरले. मराठीत करून बघा: जिन्याला ‘कैरी-पुदिना’ म्हणायचं, मग पुदिना सोडून द्यायचा. ‘कैरीवरून जपून उतर रे!’ नव्या माणसाला काय कळणार? जॉन कॅम्डन हॉटनने 1859 सालच्या आपल्या कोशात या यमकी बोलीची नोंद केली. रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव ठरवणाऱ्या दलालांना यातली सोय लगेच पटेल.

मोहरममधून कोशात

मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानी पडला आणि त्यांच्या तोंडी घासत घासत त्याचं ‘हॉब्सन-जॉब्सन’ झालं. हॉब्सन आणि जॉब्सन ही दोन्ही अस्सल इंग्रजी आडनावं, वर यमक जुळलेलं. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजीत रुळलेल्या शब्दांचा कोश केला. तो 1886 मध्ये निघाला तेव्हा त्याचं नावही हेच होतं. आपण ट्रॅक्टरला बिक्टर जोडतो, गोऱ्या शिपायांनी हुसेनचा जॉब्सन केला.

जिथे ‘बि’ अडतो

शब्दच ‘बि’ने सुरू झाला की नियम अडखळतो. बिस्किट-बिस्किट म्हणून काय साधणार? मग ‘फि’ला बोलावतात: बिस्किट-फिस्किट, बिल-फिल. पण उसाच्या बिलाला मात्र शेतकरी शेपूट जोडत नाही. कुठल्याही कारखान्यावर जा, तो नुसतं विचारतो, ‘बिल कधी?’