जंजिऱ्याचा किनारा आणि सागरी शब्दांचा प्रवास

सिरसाळ्याच्या काळ्या रानात ‘नांगर’ म्हटले की जमीन उलथणारे अवजार डोळ्यांसमोर येते. मुरूडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावर मात्र तोच शब्द होडी रोखून धरणाऱ्या लोखंडी आकड्याचा वाचक असतो. पहिला शब्द संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला, दुसऱ्याचे रूप व अर्थ फारसी ‘लंगर’शी जुळतात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेतही जहाजाच्या नांगराला ‘नांगा’ म्हणतात. आपल्या विद्यार्थ्यांनी जंजिऱ्यास जावे ते केवळ दुर्गदर्शनासाठी नव्हे, तर असे शब्द ऐकण्यासाठी, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम स्थलनामाचाच विचार करू. अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट. मराठीत त्यास अनुनासिकाची जोड मिळाली आणि अर्थ ‘समुद्रातील किल्ला’ असा संकुचित झाला. म्हणूनच जुन्या कागदपत्रांत ‘जंजिरे सिंधुदुर्ग’, ‘जंजिरे विजयदुर्ग’ असे उल्लेख आढळतात. साखळी या अर्थाच्या ‘जंजीर’ शब्दाशी त्याचा संबंध जोडणे ही केवळ लोकव्युत्पत्ती होय.

हा किल्ला सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सिद्दींच्या ताब्यात होता; त्यांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. सिद्दी मूळचे हबसाणातले, म्हणून त्यांना ‘हबशी’ म्हणत. मराठवाड्याच्या वाचकास हा इतिहास परका नाही. खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद, १६१० साली वसविणारा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हाही हबसाणातूनच आला होता.

दोन किनाऱ्यांस जोडणारी शक्ती वाऱ्याची. हिवाळ्यातील ईशान्य वारे शिडाच्या जहाजांस आफ्रिकेकडे नेत, नैर्ऋत्य वारे परत आणीत. अरबी ‘मौसिम’ मराठीत ‘मोसम’ झाला, स्वाहिलीत ‘म्सिमू’. फारसी ‘बंदर’ आपल्याकडे तसाच राहिला, तिकडे ‘बंदारी’ झाला. खुद्द ‘स्वाहिली’ हे नावही किनारा या अर्थाच्या अरबी ‘साहिल’च्या अनेकवचनापासून बनले आहे. याच किनाऱ्यावरील मालिंदीहून १४९८ साली वास्को द गामाने वाटाड्या घेऊन कालिकत गाठले. आज तेथे १९६८ साली स्थापन झालेले सागरी राष्ट्रीय उद्यान असून, प्रवासी प्राचीन नगर आणि प्रवाळांतील मासे एकाच फेरीत पाहतात.

आपल्या किनाऱ्यावरही असा योग साधता येतो. पूर्वी जंजिरा संस्थानात असलेल्या श्रीवर्धन भागात, दिवेआगर व हरिहरेश्वरच्या वाळूत, हिवाळ्यापासून समुद्री कासवे अंडी घालतात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडून पाण्याकडे धावतात. कोकणच्या समुद्रात डॉल्फिनही दिसतात. परंतु हे दृश्य नीट समजून घ्यावयाचे तर कोळ्यांचे बोलणे कान देऊन ऐकले पाहिजे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येणारी मोठी भरती ती ‘उधाणाची’ आणि अष्टमीच्या सुमाराची मंद भरती ती ‘भांगाची’. आपल्याकडे ‘भांग’ केसांत असतो. तिकडे त्यावरून होडीची वेळ ठरते.

किल्ल्याचे दगड उभे राहतील. परंतु शिडाच्या होड्यांची जागा यंत्रहोड्या घेत असताना शिडा-वाऱ्याचे शब्द बोलणारी माणसे विरळ होतील. यास्तव जंजिऱ्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने वही जवळ ठेवावी, आणि नावाड्याने उच्चारलेला प्रत्येक अपरिचित शब्द, तो कशासंबंधी उच्चारला गेला त्यासह, तेथल्या तेथे टिपून घ्यावा.