नंदादेवीचं एकच दार

औलीच्या कुरणावरून नंदादेवी अगदी सहज दिसते. तिच्या पायथ्याशी पोचायला मात्र गिर्यारोहकांना तब्बल पन्नास वर्षं लागली. ७,८१६ मीटर उंचीचं हे शिखर कांचनगंगाच्या खालोखाल भारतातलं सर्वांत उंच. कांचनगंगा नेपाळच्या सीमेवर उभं आहे, त्यामुळे संपूर्णपणे भारतात असलेलं सर्वोच्च शिखर हेच. गढवाल-कुमाऊंच्या लोकांना मात्र ते मीटरमध्ये मोजावंसं वाटत नाही. नंदा ही त्यांची लेक. साधारण बारा वर्षांनी निघणारी राजजात यात्रा म्हणजे तिची सासरी पाठवणी.

पायथा इतका अवघड का, हे नकाशा पाहिला की उमगतं. त्रिशूळ, दुनागिरी, चांगबांग, हरदेवल अशा साडेसहा-सात हजार मीटरच्या शिखरांनी नंदादेवीभोवती सुमारे ११० किलोमीटरची तटबंदी उभारली आहे. आतलं हिमनद्यांचं पाणी बाहेर पडायला पश्चिमेला एकच दार आहे, ते म्हणजे ऋषिगंगेची घळ. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि तळाशी फेसाळती नदी. बाकी सगळीकडून आत यायचं तर उंच, बर्फाळ भिंत ओलांडावी लागते.

१८८३मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहम या घळीतून माघारी फिरला. १९०५मध्ये टॉम लाँगस्टाफ पूर्वेकडच्या खिंडीवर चढला आणि त्याला आतला प्रदेश दिसला, पण उतरता आलं नाही. ह्यू रटलेज यांनाही वारंवार प्रयत्न करून वाट सापडली नाही. शेवटी १९३४मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज, आंग थारके, पासंग आणि कुसंग या तीन शेर्पांसह घळीत शिरले. मोठा लवाजमा नाही, सामान अगदी मोजकं. कड्याच्या अंगावरची एखादी अरुंद कपार धरून पुढे जायचं, ती गुळगुळीत कातळापाशी संपली की वर किंवा खाली दुसरी शोधायची आणि सापडली की मागे फिरून ओझी पुढे आणायची. शेवटच्या जेमतेम सहा-सात किलोमीटरना आठवड्याहून अधिक काळ लागला. पलीकडे पोचले तेव्हा समोर फुलांनी भरलेली कुरणं होती आणि माणसाला न बुजणारे भरल, म्हणजे हिमालयातली निळी मेंढरं, चरत होते.

दार सापडल्यावर शिखर फार काळ अजिंक्य राहिलं नाही. १९३६मध्ये ब्रिटिश-अमेरिकी मोहीम आली. शेर्पा आजारी पडले, त्यांतल्या कितार यांचा मृत्यू झाला. गिर्यारोहकांनी स्वतःच ओझी वाहिली. वरच्या तळावर डबाबंद मांस खाऊन चार्ल्स ह्यूस्टन आजारी पडला आणि त्याच्या जागी टिलमन वर गेला. २९ ऑगस्टला टिलमन आणि ४५ वर्षांचा नोएल ओडेल माथ्यावर पोचले, कृत्रिम प्राणवायूशिवाय. १९५०मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसानं चढलेलं हे सर्वांत उंच शिखर होतं.

मुख्य शिखराच्या जोडीला नंदादेवी पूर्व हे ७,४३४ मीटरचं शिखर आहे. ते १९३९मध्ये पोलिश गिर्यारोहकांनी सर केलं. दोन्ही शिखरांना जोडणारी धार ओलांडू पाहणारे फ्रान्सचे रोजे द्युप्ला आणि जिल्बेर विन्य १९५१मध्ये गायब झाले. त्यांच्या शोधात पूर्व शिखरावर चढलेल्या तेनसिंग नोर्गे यांनी आयुष्यातली सर्वांत अवघड चढाई म्हणून पुढे हीच सांगितली, एव्हरेस्ट सर केल्यानंतरही. १९६४मध्ये नवांग गोंबू आणि दावा नोर्बू यांच्या रूपानं भारतीय मोहीम मुख्य शिखरावर पोचली.

त्यानंतर इतिहास काळवंडत गेला. चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवायला १९६५मध्ये अमेरिका आणि भारत यांनी प्लुटोनियमवर चालणारं यंत्र शिखरावर नेण्याचा गुप्त घाट घातला. हवा बिघडली, यंत्र वाटेत ठेवून माणसं उतरली. पुढच्या वर्षी ते तिथं नव्हतं, आजही सापडलेलं नाही. १९७६मध्ये नंदादेवी अनसोल्ड ही अमेरिकी तरुणी वरच्या तळावर वडिलांच्या देखत गेली. याच शिखराचं सौंदर्य पाहून भारावलेल्या वडिलांनी, विली अनसोल्ड यांनी, लेकीला ते नाव दिलं होतं.

१९७४नंतर मोहिमांची रीघ लागली. कचरा साठला, जुनिपरची झुडपं चुलीत गेली, शिकार वाढली. १९८२मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि पाठोपाठ आतलं खोरं गिर्यारोहकांना बंद झालं. १९८८मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. निर्णय योग्यच होता, पण त्याची किंमत मोजली ती खोऱ्याच्या लाता आणि रैणी या गावांतल्या माणसांनी. पिढ्यान्‌पिढ्यांची चराई गेली आणि मोहिमांची कामंही बुडाली. ज्या रैणीत १९७४मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडांना मिठ्या मारून जंगल राखलं, त्याच गावाला आता जंगलाबाहेर राहायला सांगण्यात आलं.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंती शिखराचा प्रचंड कडा बर्फासकट कोसळला आणि लोंढा ऋषिगंगेतून सुटला. रैणीजवळचा वीजप्रकल्प वाहून गेला, दोनशेहून अधिक माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. इतक्या नाजूक खोऱ्यात पुन्हा मोहिमांची गर्दी होऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. दार बंदच राहावं. मात्र त्याची राखण आणि त्यातून मिळणारी मिळकत खोऱ्याच्या गावांकडे असावी. बदरीनाथला जाणाऱ्या मराठी माणसांनी वाट थोडी वाकडी करून लाताला एक मुक्काम करावा, स्थानिक घरात उतरावं, वाटाड्या गावातलाच घ्यावा. नंदादेवीला आपल्याकडून सध्या एवढीच मदत हवी आहे.